गाभ्यातले तारे सुटे दिसले पाहिजेत : घरच्या दुर्बिणीतून ओमेगा सेंटॉरी टिपताना

मार्च ते मे या महिन्यांत महाराष्ट्रातून आणि गोव्यातून दक्षिण क्षितिजाच्या थोडं वर आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ दिसतो. लंडनच्या किंवा बर्लिनच्या हौशी निरीक्षकाला तो घरून कधीच दिसत नाही, कारण तिथे तो उगवतच नाही. आपल्याकडे तो दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. तरीही दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही असलेल्या कित्येकांकडे त्याचा एकही धड फोटो नसतो. थंडीत सगळे मृगातल्या तेजोमेघाच्या मागे असतात आणि उन्हाळा लागला की दुर्बीण माळ्यावर जाते. यंदा ती माळ्यावर टाकू नका.

या गुच्छाचं नाव ओमेगा सेंटॉरी, तारकासमूह नरतुरंग. अंतर सुमारे १७,००० प्रकाशवर्षं. ताऱ्यांची संख्या एक कोटीच्या घरात. प्रत ३.९, म्हणजे काळोख्या गावातून नुसत्या डोळ्यांनाही दिसेल इतका तेजस्वी. म्हणूनच टॉलेमीने त्याला तारा समजून यादीत घातलं आणि १६०३ साली योहान बायरने त्याला ताऱ्याला द्यावं तसं ग्रीक अक्षर दिलं. हा तारा नव्हे, हे १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने नोंदवलं. आज बऱ्याच संशोधकांचं मत असं आहे की हा मुळात एका बटू दीर्घिकेचा गाभा असावा. ती दीर्घिका आकाशगंगेने गिळली आणि गाभा तेवढा उरला. २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या फोटोंमधून त्याच्या मध्याजवळ फार वेगाने फिरणारे सात तारे सापडले. तिथे सूर्याच्या किमान ८,२०० पट वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याचा तो भक्कम पुरावा मानला जातो.

फोटो काढणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. तेजोमेघाच्या किंवा दीर्घिकेच्या फोटोत आपण प्रकाश गोळा करत असतो, तिथे जितका वेळ द्याल तितकं चांगलं. गोलाकार गुच्छात प्रकाश मुबलक असतो. तिथे दुर्मिळ असतो तो रेखीवपणा. ताऱ्याला शेजारच्या ताऱ्यापासून सुटं ठेवणं हेच काम, आणि ते गाभ्यात जमलं तर फोटो जमला. मध्यभागी पांढरा डाग आणि भोवती ठिपके असे फोटो ढिगाने पाहायला मिळतात. त्यांत एक्स्पोजर कमी पडलेलं नसतं, उलट गरजेपेक्षा जास्त झालेलं असतं आणि फोकस ढिला असतो. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

कधी आणि कुठे शोधायचा

ओमेगा सेंटॉरी शोधायला चित्रा नक्षत्रासारखा वाटाड्या नाही. चित्रेचा तारा आणि हा गुच्छ जवळजवळ एकाच वेळी मध्यमंडलावर येतात, म्हणजे बरोबर दक्षिणेला आपापल्या सर्वांत जास्त उंचीवर पोचतात. त्या वेळी चित्रेपासून सरळ खाली ३६ अंश उतरायचं. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश झाकले जातात, तेव्हा साडेतीन मुठींहून किंचित जास्त. पुण्याहून त्या वेळी चित्रा क्षितिजापासून ६० अंशांवर आणि गुच्छ २४ अंशांवर असतो. गोव्यातून तो २७ अंशांवर जातो, नागपुरातून २१ वर. दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर त्रिशंकूही दिसेल. त्याच्या पूर्वेला मित्र-मित्रक ही जोडी असते. त्यातला त्रिशंकूकडचा मित्रक घ्या, त्याच्यापासून वरच्या एप्सिलॉन सेंटॉरीपर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पुढे वाढवा. फाइंडरमध्ये धुरकट, गोल, विस्कटलेल्या कडांचा ठिपका दिसला की पोचलात.

वेळ पंचांगावरून काढणं सोपं. फाल्गुन अमावस्येच्या आसपास गुच्छ रात्री एक-दीडला मध्यमंडलावर येतो, चैत्र अमावस्येला साडेअकराच्या सुमारास, वैशाख अमावस्येला दहाच्या आगेमागे. अधिक महिना आला की हे गणित थोडं सरकतं, पण दर आठवड्याला अर्धा तास लवकर हा हिशोब कायम राहतो. पुण्याच्या अक्षांशावर तो २० अंशांच्या वर रात्रीतून सुमारे साडेतीन तास असतो. तेवढाच वेळ खऱ्या कामाचा, त्याच्या आधीचे आणि नंतरचे तास दुर्बीण लावण्यात आणि डार्क फ्रेम (दुर्बीण झाकून काढलेले काळे फोटो) घेण्यात घालवावेत. चैत्र अमावस्या मला सर्वांत सोयीची वाटते. तोवर वळवाच्या ढगांचा उपद्रव वाढलेला नसतो, आणि जेवण आटोपून निवांत बाहेर पडता येतं.

२४ अंश ही उंची काही फारशी नाही. तिथून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या प्रकाशापेक्षा जवळजवळ अडीच पट जाड हवेतून येतो. धूळ, धुकट आणि शहराचा उजेड हे सगळं त्याच पट्ट्यात साचलेलं असतं. म्हणून जागा निवडताना शहर पाठीशी ठेवा. पुणेकरांनी शहराच्या उत्तरेला जाऊन उपयोग नाही, कारण तिथून दक्षिणेकडे पाहिलं की नेमकं पुणंच समोर येतं. भोरच्या बाजूला उतरलं तर तो उजेड मागे राहतो. मुंबईकरांना हाच विचार करून अलिबाग-मुरुडकडचा किनारा बरा पडतो, पण तिथे दवाचा बंदोबस्त हवा. रिकाम्या शेतात किंवा माळावर जाणार असाल तर आधी शेताच्या मालकाला आणि गावात कुणाला तरी सांगून ठेवा. रात्री-अपरात्री बॅटऱ्या लुकलुकताना पाहून लोकांना शंका येते, आणि ती रास्तच असते.

वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची रात्र मात्र सोडू नका. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि दक्षिण क्षितिजापर्यंत तारे दिसतात. एप्रिलमधल्या चार कोरड्या, धुळकट रात्रींपेक्षा अशी एक रात्र जास्त देऊन जाते.

शहर सोडणं जमतच नसेल तरी हातपाय गाळू नका. तारा हा बिंदू असतो. शहराच्या उजेडात तेजोमेघ विरघळून जातो तसा तारा विरघळत नाही, फक्त बाहेरच्या कडेचे मंद तारे हरवतात. अर्ध्या चंद्राच्या रात्रीही गुच्छाचा बरा फोटो निघतो. एवढी सोय देणारं लक्ष्य आकाशात दुसरं क्वचितच असेल. तेजोमेघांसाठीचे अरुंद पट्ट्याचे फिल्टर मात्र इथे लावू नका. ते ताऱ्यांचाच प्रकाश अडवतात आणि रंग बिघडवतात.

दुर्बीण, कॅमेरा, माउंट

आहे त्या सामानावर काय होईल ते आधी पाहा. सेन्सरवर आकाशाचा किती भाग एका पिक्सेलमध्ये बसतो, हे काढायचं सूत्र सोपं आहे. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागा. उत्तर विकलांमध्ये येतं. ८ इंची एफ/५ न्यूटनी दुर्बिणीचं नाभीय अंतर १००० मिमी असतं. तिला ४.३ मायक्रॉन पिक्सेलचा डीएसएलआर लावला तर एका पिक्सेलला ०.९ विकला येतात. त्या फोटोची चौकट साधारण सव्वा अंश रुंद आणि पाऊण अंशाहून थोडी जास्त उंच असते. ओमेगा सेंटॉरीचा व्यास अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा. तो या चौकटीत छान बसतो आणि भोवती मोकळं आकाशही उरतं. ते मोकळं आकाश पुढे प्रक्रियेत फार उपयोगी पडतं.

बार्लो भिंग लावून गुच्छ मोठा करण्याचा मोह टाळा. २४ अंशांवर हवेच्या थरथरीने तारा तीन-चार विकलांचा होऊनच आपल्यापर्यंत येतो. त्याला जास्त पिक्सेलवर पसरवलं तर तपशील वाढत नाही, फक्त प्रकाश पातळ होतो. उलट ८० मिमी वस्तुभिंगाची, ५०० मिमीच्या आतबाहेर नाभीय अंतराची दुर्बीण असेल तर ती लहान म्हणून मागे ठेवू नका. ग्रहांसाठीचे छोट्या सेन्सरचे कॅमेरे मात्र १००० मिमीवर या गुच्छाला पुरत नाहीत, त्यात फक्त गाभा मावतो. हल्ली मिळणाऱ्या ५० मिमीच्या स्मार्ट दुर्बिणींमध्ये पूर्ण गुच्छ बसतो आणि कडेचे तारे व्यवस्थित सुटे होतात. गाभा तिथे थोडा दाट राहणारच.

माउंट विषुववृत्तीय असेल तर त्याचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो. आपल्याकडची खरी अडचण इथे येते. पुण्यात ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, आणि सोसायटीच्या गच्चीवर नेमकी त्याच बाजूला पाण्याची टाकी किंवा शेजारची इमारत असते. गुच्छासाठी दक्षिण मोकळी हवी आणि ध्रुवासाठी उत्तर, अशी गच्ची नशिबानेच मिळते. अशा वेळी दोन-तीन ठिकाणचे फोटो काढून त्यांवरून अक्षाची चूक मोजणारी सॉफ्टवेअर वापरा, त्यांना ध्रुवतारा दिसण्याची गरज नसते. फार काटेकोरपणाही नको. अक्ष १० कलांनी चुकला असला तरी २० सेकंदांत तारा जेमतेम एक विकला सरकतो. साध्या माउंटच्या गिअरची चूक याहून मोठी असते, त्यामुळे काही फोटोंत तारे लांबुडके येतील. ते फोटो सरळ बाजूला काढायचे. एक्स्पोजर छोटं ठेवायचं असल्यामुळे ऑटोगायडरवाचून काम अडत नाही. पहिल्या हंगामात तरी त्यावर पैसे घालू नका.

ज्यांचं माउंट वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारं, पण मोटारीवर ताऱ्याचा पाठलाग करणारं आहे, त्यांच्या फोटोंची चौकट हळूहळू गोल फिरत जाते. पुण्याहून दक्षिणेला २४ अंशांवर हा वेग तासाला सुमारे १६ अंश पडतो. ३० सेकंदांत गुच्छाच्या कडेचे तारे दोन-तीन पिक्सेल वळतात, म्हणून १०-१५ सेकंदांवर थांबावं. शौरी तारकासमूहातला एम १३ हा उत्तरेकडचा प्रसिद्ध गुच्छ आपल्याकडे ७२ अंशांपर्यंत चढतो, आणि तिथे हाच वेग जवळजवळ तिप्पट होतो. अशा माउंटवाल्यांना खाली असलेला ओमेगा सेंटॉरीच जास्त मानवतो.

मोटार नसलेली डॉब्सोनियन असेल तर मोबाइल आयपीसला अडॅप्टरने घट्ट बसवून घ्या. फोकस आणि एक्स्पोजर हाताने ठरवू देणारं अॅप वापरा, आणि गुच्छ चौकटीतून सरकत असताना पटापट छोटे फोटो घेत राहा. भिंतीवर लावण्याजोगा फोटो मिळणार नाही, पण वेगळे तारे ओळखू येतील.

फोकस आणि हवा

संध्याकाळी उजेड असतानाच दुर्बीण बाहेर काढा. दिवसभर ३८-४० अंश सोसलेल्या खोलीतला जाड आरसा निवायला तासभर तरी लागतो. तोवर त्याच्यावर तापलेल्या हवेचा थर हलत असतो आणि तारे उकळल्यासारखे दिसतात. सिमेंटची गच्ची तर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. अंगण, माती किंवा गवत मिळालं तर ते केव्हाही चांगलं. गच्चीच वापरायची असेल तर सूर्य मावळताना पाणी मारून घ्या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायच्या आधी आपण मारतो तसंच. ते पूर्ण वाळल्यावरच वायरी आणि बॅटऱ्या मांडा. गुच्छाच्या दिशेला शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं यंत्र किंवा पत्र्याचं छप्पर येत नाही ना, तेही बघा.

न्यूटनी दुर्बीण असेल तर दर वेळी कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, तपासा. खड्ड्यांच्या रस्त्यावरून गाडीत आलेली एफ/५ दुर्बीण जुळलेली राहत नाही. कोमा करेक्टर असला तर चौकटीच्या कोपऱ्यांतले तारे गोल राहतात. नसला तरी गुच्छ मध्यावर असल्यामुळे फारसं बिघडत नाही.

आता फोकस. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाहतिनोव्ह मुखवटा पुठ्ठ्यातून कापून घरीही करता येतो. तो दुर्बिणीच्या तोंडावर लावा आणि दुर्बीण चित्रेच्या ताऱ्यावर न्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून पाहिलात तर ताऱ्याला फुटलेल्या तीन रेघा दिसतील. दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि तिसरी त्यांच्यामधून जाते. फोकसची कळ फिरवाल तशी मधली रेघ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते. ती बरोबर मध्ये आली की थांबा. फोकसर अडकवणारा स्क्रू आवळा आणि पुन्हा बघा. बऱ्याच फोकसरना स्क्रू आवळतानाच केसभर हलायची खोड असते आणि मधली रेघ पुन्हा बाजूला गेलेली सापडते. तसं झालं तर तेवढंच उलट्या बाजूला धरून मग आवळा. मुखवटा काढायला विसरू नका.

हे एकदा करून भागत नाही. एफ/५ दुर्बिणीत तारा ज्या पट्ट्यात खऱ्या अर्थाने रेखीव राहतो त्याची जाडी ०.०७ मिमीसुद्धा नसते. लोखंडी पत्र्याची मीटरभर नळी १० अंश थंड झाली की ०.१२ मिमीने आखडते. देशावर एप्रिलच्या रात्री आठ ते बारा या वेळात पारा बराच उतरतो. म्हणजे आठ वाजता केलेला अचूक फोकस बारा वाजता चुकलेला असतो, तुम्ही हात लावला नसला तरी. पहिले दोन तास दर अर्ध्या-पाऊण तासाने आणि नंतर दर तासाने फोकस पाहायचाच.

एक्स्पोजर

आयएसओ ४०० ते ८०० ठेवा, फोटो रॉ स्वरूपात घ्या. मग ५, १०, २० आणि ४० सेकंदांचा एकेक फोटो काढून पडद्यावर पूर्ण मोठा करा आणि थेट गाभ्यात बघा. तिथले उजळ तारे नारिंगी-पिवळे दिसत असतील तर ठीक. सगळेच एकसारखे पांढरेफट्ट झाले असतील तर एक्स्पोजर जास्त झालं. ओमेगा सेंटॉरीतले सर्वांत तेजस्वी तारे हे तांबडे राक्षसी तारे आहेत, प्रत साडेअकराच्या आसपास. त्यांचा रंग गेला की गाभ्याचा प्राण गेला, आणि कोणतीही प्रक्रिया तो परत आणू शकत नाही. ८ इंची एफ/५ वर मला १५ ते २० सेकंद योग्य वाटतात. शहरात १० पुरतात. कमी वाटलं तरी भिऊ नका, कारण फोटो पुष्कळ घ्यायचे आहेत. १०० फोटोंची बेरीज केली की खरखर एका फोटोच्या दहाव्या हिश्श्यावर येते.

छोट्या एक्स्पोजरचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. हवा रात्रभर सारखी नसते. काही मिनिटं ती अचानक शांत होते आणि पुन्हा बिघडते. १५ सेकंदांच्या दोनशे फोटोंतून चांगले तेवढे निवडता येतात. पाच मिनिटांच्या दहा फोटोंतून निवडायला काही उरत नाही. दर काही फोटोंनंतर दुर्बीण दहा-पंधरा पिक्सेल इकडेतिकडे हलवा. त्याने सेन्सरवरचे डाग आणि पट्टे बेरजेत पुसले जातात.

उन्हाळ्यात डीएसएलआरचा सेन्सर तापतो. तापमान ५-६ अंश वाढलं की त्याची उष्णतेची खरखर साधारण दुप्पट होते. म्हणून डार्क फ्रेम त्याच रात्री, त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांच्या घ्याव्यात. जानेवारीत घेतलेल्या डार्क एप्रिलला चालत नाहीत. फ्लॅटसाठी, म्हणजे कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला लागणाऱ्या फोटोंसाठी, पहाटे उजळलेल्या आकाशाकडे दुर्बीण रोखून तोंडावर पांढरा सुती कपडा ताणून बांधा. कॅमेरा न काढता आणि न फिरवता घ्या, नाहीतर त्यांचा उपयोग नाही.

बेरीज आणि प्रक्रिया

सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेपूर आहे, डीपस्कायस्टॅकरही चालतं. सिरिलमध्ये प्रत्येक फोटोतल्या ताऱ्यांची जाडी मोजून आकडा मिळतो. त्या आकड्यावरून फोटोंची क्रमवारी लावा आणि वरचे ६०-७० टक्केच बेरजेला घ्या. गुच्छाच्या बाबतीत निवड कठोर असावी, असं माझं ठाम मत आहे. कमी पण रेखीव फोटोंची बेरीज नेहमीच सरस ठरते.

बेरजेनंतर पार्श्वभूमीचा उतार काढायचा. दक्षिण क्षितिजाजवळ तो असतोच, खालची बाजू उजळ आणि वरची काळी. इथे एक धोका आहे. सॉफ्टवेअरने आपोआप टाकलेले नमुना-बिंदू गुच्छाच्या फिकट बाहेरच्या भागावरही पडतात. मग त्या भागाला शहराचा उजेड समजून ते कापून टाकतं. गुच्छ अचानक लहान आणि कडा तुटलेला दिसतो. गुच्छावरचे आणि त्याच्या लगतचे बिंदू हाताने काढून टाका आणि चौकटीच्या कडेचेच ठेवा.

खाली असलेल्या ताऱ्याचे रंगही हवेमुळे फाकतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक ताऱ्याची आकाशाकडची कड निळसर आणि क्षितिजाकडची लालसर दिसते. त्यावर उपाय म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर वेगळे करायचे, एकमेकांवर पुन्हा नीट जुळवायचे आणि मग जोडायचे. एवढ्यानेच गाभा बराच मोकळा होतो. रंग जुळवायला ताऱ्यांच्या सूचीवर आधारित पद्धत वापरा. क्षितिजाजवळच्या हवेने आलेला पिवळेपणा त्याने जातो आणि तांबडे राक्षसी तारे, त्यांच्यामधले निळसर तारे वेगळे ओळखू येतात.

उजळपणा वाढवताना नेहमीची पद्धत गाभा भाजून काढते. सिरिलमधलं असिन्ह स्ट्रेच वापरा, त्याने ताऱ्यांचे रंग टिकतात. थोडं-थोडं, दोन-तीन टप्प्यांत वाढवा. प्रत्येक टप्प्यानंतर गाभा मोठा करून बघा आणि तिथले तारे एकमेकांत मिसळायला लागले की एक पाऊल मागे या. कडेचे मंद तारे थोडे कमी दिसले तरी चालतील. फोटो रेखीव करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं गुच्छावर वापरू नयेत. दाट गाभ्यात ती एकमेकांत मिसळलेल्या प्रकाशातून नसलेले तारे घडवतात. दिसायला सुंदर, पण तो ओमेगा सेंटॉरी नव्हे.

हंगाम संपल्यावर

जूनमध्ये ढग आले की काम थांबतं. तोपर्यंत एप्रिल-मेच्या उत्तररात्री वृश्चिकात ज्येष्ठेच्या अगदी शेजारी असलेला एम ४ आणि धनू राशीतला एम २२ करून घ्या. १७६४ मध्ये मेसियेने आपल्या छोट्या दुर्बिणीतून एम ४ मधले सुटे तारे पाहिले होते. त्याचा गाभा विरळ आहे, त्यामुळे ८० मिमीच्या दुर्बिणीतूनही तो सुटा करता येतो. पावसाळ्यानंतरच्या धुतलेल्या आकाशात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी, एम १५ जवळजवळ डोक्यावर येतो. त्याचा गाभा आकाशगंगेतल्या सर्वांत दाट गाभ्यांपैकी आहे. ओमेगा सेंटॉरीवर हात बसल्यावरच त्याच्याकडे वळा.

ओमेगा सेंटॉरीचे मूळ फोटो पुसू नका. पेरूमधल्या आरेकिपा इथल्या हार्वर्डच्या वेधशाळेतून सोलोन बेली यांनी १३ इंची दुर्बिणीने या गुच्छाच्या काचेच्या फोटोपट्ट्या घेतल्या. त्यांची एकमेकींशी तुलना करून १९०२ साली त्यांनी सव्वाशेहून जास्त रूपविकारी तारे प्रसिद्ध केले. त्यांतल्या बहुतेकांचा उजळ-मंद होण्याचा फेरा साधारण अर्ध्या दिवसाचा असतो, आणि काही तर दोनेक तासांत झपाट्याने उजळतात. त्यांची सरासरी प्रत साडेचौदाच्या आसपास, म्हणजे तुमच्या ८ इंची दुर्बिणीच्या टप्प्यातली.

हे तुम्हालाही करता येतं. एका रात्रीच्या पहिल्या अर्ध्या तासाच्या फोटोंची एक बेरीज करा आणि शेवटच्या अर्ध्या तासाच्या फोटोंची दुसरी. दोन्ही नीट जुळवा आणि पडद्यावर आलटून पालटून दाखवा. गाभ्यापासून दूर, जिथे तारे मोकळे आहेत तिथे बघा. गुच्छ मावळतीकडे झुकला की सगळेच तारे थोडे मंद होतात, म्हणून प्रत्येक ताऱ्याची तुलना त्याच्या लगतच्या ताऱ्यांशीच करा. शेजारी तसेच राहिले आणि एकच तारा बदलला, तर त्याची जागा खुणेने नोंदवा. सोबत फोटोची तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा. मग पुढच्या मोकळ्या रात्री त्याच चौकटीत पुन्हा अर्धा तास घ्या.